चाकाखालचे लिंबू

दसऱ्याच्या दिवशी, मुहूर्त टळू नये म्हणून सकाळपासून ताटकळत बसलेल्या कुटुंबाच्या साक्षीने नवी मोटार जेव्हा विक्रेत्याच्या दालनातून बाहेर पडते, तेव्हा तिच्या तोंडावर झेंडूचा हार असतो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक असते, आपट्याची दोन पाने वायपरखाली खोवलेली असतात, आणि पुढच्या दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलेले असते. चालवणाऱ्याने अलगद क्लच सोडावा, चाके वीतभर पुढे सरकावीत, लिंबांचा चेंदामेंदा व्हावा, आणि भोवतालच्या मंडळींपैकी कोणी वडीलधाऱ्याने 'चला, दृष्ट गेली' असे म्हणून पेढ्यांचा पुडा उघडावा, हा आपला शिरस्ता. सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेत, याच फळाच्या वाट्याला निराळीच कामगिरी आली आहे. जी मोटार विकत घेतल्या दिवसापासून दुरुस्तीशाळेचा उंबरठा सोडत नाही, जिचा एक रोग बरा करावा तर तोच आठ दिवसांनी पुन्हा उपटतो, तिला तिकडे 'लेमन' म्हणतात, आणि तिच्या हवालदिल धन्याला दाद मिळावी म्हणून निरनिराळ्या राज्यांनी जे कायदे केले त्यांनाही 'लेमन लॉ' हेच नाव पडले आहे. आपल्याकडे लिंबू चाकाखाली जाते. त्यांच्याकडे ते कायद्याच्या पुस्तकात गेले, एवढाच काय तो फरक, असे मी पूर्वी गमतीने म्हणत असे. तीन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला मी स्वतः एक गाडी घेतली आणि ती गंमत माझ्यापुरती संपली.

कंपनीचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, आणि खरे पाहता दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या गाडीच्या बाबतीत हेच, याच क्रमाने, जवळजवळ याच शब्दांत घडले असते, अशी माझी खातरी झाली आहे. गाडीने जेमतेम दोन हजार किलोमीटरचा पल्ला गाठला होता. पुण्याहून साताऱ्याला परतताना, खंडाळा गाव मागे टाकून खंबाटकीचा चढ सुरू झाला आणि दुसऱ्या वळणापाशी गाडीने आचके दिले, समोरच्या पट्टीवर पिवळा दिवा लागला, आणि भर दुपारी, पाठीमागे मालमोटारींची रांग असताना, इंजिन बंद पडले. हातब्रेक ओढून आम्ही उभयता खाली उतरलो. दहा-बारा मिनिटांनी किल्ली फिरवली, तर काही झालेच नाही अशा साळसूदपणे गाडी सुरू झाली आणि घरापर्यंत निमूट आली.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये नेली. इस्त्रीच्या शर्टातला, वागण्याबोलण्यात अतिशय मर्यादशील असा एक तरुण सर्व्हिस ॲडव्हायझर हातात टॅब घेऊन आला, त्याने माझी हकिगत शांतपणे ऐकून घेतली, आणि संध्याकाळी फोन केला : "सर, स्कॅनर लावून बघितला, एकही कोड येत नाही. गाडी एकदम ओके आहे. धुऊन ठेवली आहे, घेऊन जा." मी गेलो, जॉब कार्डावर सही केली, गेट पास घेतला आणि निघालो. ते कार्ड मी वाचले नाही. पुढच्या चौदा महिन्यांत मी असल्या सात कार्डांवर सह्या केल्या, एकदा इंधनाचा पंप बदलला गेला, एकदा कसलासा सेन्सर, एकदा 'सॉफ्टवेअर अपडेट' म्हणून गाडी तीन दिवस राहिली, आणि दर वेळी ती परत येताना धुतलेली, पुसलेली व घाटात पुन्हा बंद पडण्यास सिद्ध अशी येत गेली.

सातव्या खेपेनंतर ज्या वकीलबाईंकडे मी गेलो, त्यांनी माझी कैफियत ऐकण्याआधी कार्डे मागितली, टेबलावर तारखेच्या क्रमाने मांडली, आणि 'ग्राहकाची तक्रार' या रकान्याखाली काय लिहिले आहे ते मला मोठ्याने वाचायला लावले. तीन कार्डांवर लिहिले होते : जनरल चेकअप. एकावर : पिकअप कमी. केवळ तीन कार्डांवर इंजिन बंद पडल्याचा उल्लेख होता, आणि त्यांतल्या एकावर त्यापुढे 'ग्राहकाच्या सांगण्यानुसार. तपासणीत आढळले नाही' अशी पुस्ती जोडली होती. "तुम्ही सात वेळा गेलात," त्या म्हणाल्या, "पण कागदावर तुम्ही तीनच वेळा गेला आहात. आणि त्या तीनही ठिकाणी, गाडी समाधानकारक स्थितीत मिळाली, या वाक्याखाली तुमची सही आहे."

या प्रसंगाने मला जो धडा दिला, तो अर्थशास्त्रात जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन पंडिताने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन मांडला होता, आणि त्या विवेचनाबद्दल त्याला २००१ साली नोबेल पारितोषिकाचा एक वाटाही मिळाला. विकणाऱ्याला गाडीचे गुणदोष ठाऊक, घेणाऱ्याला अज्ञात; या विषमतेमुळे सबंध बाजारच नासतो, असे त्याचे म्हणणे. नव्या गाडीच्या बाबतीत प्रारंभी दोघेही सारखेच अज्ञ असतात हे खरे. परंतु पहिल्या दुरुस्तीपासून ती समता संपते. स्कॅनर त्यांचा, नोंदवही त्यांची, बदललेला भाग त्यांच्याकडे, आणि दोषाला नाव ठेवण्याचा अधिकारही त्यांचाच. ग्राहकाने 'घाटात बंद पडते' म्हणावे आणि कार्डावर 'जनरल चेकअप' उमटावे, यात कोणाचा दुष्टावा असतो असे नव्हे. बहुधा तो रकाना भरण्याची ती सर्वांत सोपी रीत असते. पण पुढे ग्राहक आयोगासमोर साक्षीला उभा राहतो तो हा रकाना.

आता 'वॉरंटी' हा शब्द घेऊ, कारण सारा घोळ तेथूनच सुरू होतो. आपल्या समजुतीप्रमाणे वॉरंटी म्हणजे गाडी चांगली निघेल याची कंपनीने दिलेली हमी. कायद्याची समजूत तशी नाही. १९३० च्या मालविक्री अधिनियमाने करारातील कलमांचे दोन वर्ग केले आहेत : एक मूलभूत अट, जिचा भंग झाल्यास खरेदीदार करारच मोडीत काढून माल नाकारू शकतो, आणि दुसरी आनुषंगिक हमी, म्हणजेच वॉरंटी, जिच्या भंगाबद्दल केवळ नुकसानभरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. माल विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे ही गोष्ट त्या अधिनियमाने पहिल्या वर्गात घातली आहे खरी. परंतु कंपनीची जी चकचकीत पुस्तिका किल्लीबरोबर आपल्या हाती पडते तिच्यात बारकाईने पाहिले असता एवढेच अभिवचन आढळते की, मुदतीत एखादा भाग सदोष ठरल्यास तो भाग आम्ही दुरुस्त करू अथवा बदलून देऊ, आणि सदोष आहे की नाही हेही आम्हीच ठरवू. गाडी धड चालेल, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

या शब्दभेदाला किती वजन आहे हे २००६ साली मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिले. ग्राहकाला गाडी बदलून द्यावी असा खालून आलेला हुकूम न्यायालयाने टिकू दिला नाही. वॉरंटीच्या अटीप्रमाणे कंपनीवर सदोष भाग बदलण्याचे बंधन आहे, सबंध वाहन बदलण्याचे नाही, असा त्या निकालाचा आशय. तेव्हापासून आजतागायत असल्या कोणत्याही दाव्यात कंपनीच्या वकिलाची कैफियत या निकालाच्या हवाल्याखेरीज पुरी होत नाही. माझ्या प्रकरणात तो पहिल्याच पानावर आहे.

तरीही दरवाजा बंद झालेला नाही, आणि तो किलकिला ठेवण्याचे श्रेय ग्राहक कायद्याला द्यावे लागते. या कायद्याच्या उभारणीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे : १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली, १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि गिऱ्हाईक म्हणजे दुकानदाराच्या दारातला याचक नव्हे, हा विचार गल्लीगल्लीत जाऊन सांगणारी माणसे या चळवळीने घडवली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली. २०१९ साली त्याच्या जागी नवा अधिनियम आला व २० जुलै २०२० पासून तो अमलात आला. जुन्या 'मंचा'चे नाव आता 'जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग' असे आहे. आयोगाला दोष दूर करवण्याचा, माल बदलून देववण्याचा, किंमत व्याजासह परत करवण्याचा, आणि वर नुकसानभरपाई देववण्याचा अधिकार आहे. कायद्यातली 'दोषा'ची व्याख्याही ऐसपैस आहे : दर्जात, प्रमाणात वा कायद्याने अथवा उघड किंवा अभिप्रेत कराराने अपेक्षिलेल्या मानकात असलेली कोणतीही उणीव. अभिप्रेत करार, हे शब्द माझ्या वकीलबाईंनी लाल शाईने अधोरेखित केले आहेत, कारण पुस्तिकेत न लिहिलेले वचन याच शब्दांच्या आश्रयाने उभे करता येते.

नव्या कायद्याने ग्राहकाची एक मोठी पायपीट वाचवली. पूर्वी विक्रेता वा कंपनी जेथे असेल किंवा व्यवहार जेथे झाला असेल तेथे जावे लागे. आता ग्राहक जेथे राहतो अथवा नोकरीधंदा करतो तेथील आयोगातही फिर्याद दाखल होते. मोबदला म्हणून दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोग, असे २०२१ च्या अखेरच्या नियमांनी ठरले आहे. माझी गाडी पाच ते दहा लाखांतली, तेव्हा शुल्क पडले दोनशे रुपये. टपावरचा झेंडूचा हार याहून महाग होता. वकील केलाच पाहिजे असे बंधन नाही, पण दावा कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. 'बघू, पुढच्या सर्व्हिसिंगला होईल दुरुस्त' या भाबड्या आशेवर माणूस जेव्हा महिन्यांमागून महिने घालवतो, तेव्हा तिकडे मुदतीचे घड्याळ चालूच असते. वॉरंटी संपण्याची वाट पाहणारा ग्राहक कंपनीला फार प्रिय.

प्रतिवादी कोणाला करावे, हाही एक नाजूक प्रश्न. पैसे आपण दिलेले असतात विक्रेत्याला, वचन दिलेले असते निर्मात्याने, आणि हे दोघे आपसांत मालक व मुनीम नसून दोन स्वतंत्र धनी असतात. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या गोव्यातील एका प्रकरणात ग्राहकाने २०११ ची गाडी म्हणून जी घेतली ती २००९ ची, सहाशेंहून अधिक किलोमीटर आधीच धावलेली निघाली. तरी विक्रेत्याच्या त्या कृत्याची जबाबदारी, त्याला ते ठाऊक होते असे सिद्ध झाल्यावाचून, निर्मात्यावर टाकता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. सबब दोघांनाही एकाच फिर्यादीत गोवावे, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवताना दोघेही त्याच खोलीत हजर असतात.

नव्या कायद्यात 'उत्पादन दायित्व' नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याचे मोठे स्वागत केले होते, आणि मीही त्या कात्रणांवर भिस्त ठेवून बसलो होतो. मूळ व्याख्या वाचली तेव्हा उमेद खचली. सदोष वस्तूमुळे माणसाला इजा झाली, मृत्यू आला, दुसऱ्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर ते प्रकरण लागू होते. प्रत्यक्ष त्या वस्तूचेच जे नुकसान होते ते मात्र 'हानी'च्या व्याख्येतून वगळलेले आहे. अर्थात घाटात बंद पडलेल्या माझ्या गाडीला मागून मालमोटार धडकली असती तर त्या प्रकरणाचे दार उघडले असते. धडकली नाही, म्हणून मला 'दोषा'च्या जुन्या वाटेनेच जाणे प्राप्त आहे. सुखरूप राहिल्याबद्दल कायद्याने केलेला हा दंड म्हणावा की काय, मला कळत नाही.

आणि जुन्या वाटेवर मध्येच उभा असतो तज्ज्ञ. दोष आहे हे सिद्ध करण्याचा भार फिर्यादीवर. तपासणीशिवाय निर्णय होण्याजोगा नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवतो, त्याचे शुल्क प्रथम तक्रारदाराने भरायचे, आणि अहवाल पंचेचाळीस दिवसांत यावा असे कायदा म्हणतो. तपासणी लागणाऱ्या प्रकरणाचा निकाल पाच महिन्यांत, न लागणाऱ्याचा तीन महिन्यांत व्हावा, असेही कायदा म्हणतो. आयोगाच्या व्हरांड्यातल्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या एका रिक्षावाल्या गृहस्थांना मी हे सांगितले, तेव्हा ते खो खो हसले आणि "काका, माझी पोरगी पाचवीत होती तेव्हा मी अर्ज केला, आता दहावीला बसलीय," असे म्हणून त्यांनी मला आपल्या डब्यातली चिवड्याची मूठ दिली. त्यांची रिक्षा उपजीविकेसाठी होती, स्वतः चालवण्यासाठी होती. म्हणून 'व्यापारी हेतू'ची हरकत फेटाळण्यातच त्यांची पहिली दोन वर्षे गेली होती, वास्तविक स्वतः चालवून पोट भरणारा हा ग्राहकच होय, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगून ठेवले असताना.

तज्ज्ञाच्या अभिप्रायावर सारे कसे झुलते, याचा दाखला २०१० च्या फियाट प्रकरणात आहे. इंजिनातल्या आवाजाची तक्रार होती. स्वतंत्र तज्ज्ञाने गाडी तपासावी, आणि मूळ निर्मितीतच दोष असल्याचे त्याचे मत पडले तर किंमत व्याजासह परत करावी, अशी तजवीज सर्वोच्च न्यायालयाने केली. याच्या उलट, २०२२ च्या ह्युंदाई प्रकरणात, अपघातात गाडीच्या हवेच्या पिशव्या उघडल्या नव्हत्या, तेथे टकरीचा वेग व जोर यांचे गणित मांडण्याइतका ग्राहक पदार्थविज्ञानात पारंगत असावा अशी अपेक्षा धरता येत नाही, असे बजावून न्यायालयाने ग्राहकाचा विजय कायम केला. मला या दोन निकालांत विरोध दिसत नाही, परंतु अंतर दिसते. पिशवी उघडली नाही ही वस्तुस्थिती स्वतःच बोलते. अधूनमधून येणारा दोष बोलत नाही. तो तज्ज्ञाची चाहूल लागताच, डॉक्टर दारात येताच ताप उतरलेल्या पोरासारखा, गुणी होऊन बसतो.

त्यातून एक कोंडी होते. बँकेचा हप्ता चालू आहे म्हणून गाडी वापरावी, तर कंपनी म्हणते, सदोष गाडी तीस हजार किलोमीटर धावली कशी? न वापरता दारात उभी करावी, तर म्हणते, वापराअभावी बिघडली, आमचा काय कसूर? बाहेरच्या मेकॅनिककडून उघडून घ्यावी, तर वॉरंटीच रद्द.

माझा भाचा न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. त्या गावी गणपतीचे ढोल वाजतात, दिवाळीचा फराळ दुकानात मिळतो आणि दसऱ्याला नव्या गाडीखाली लिंबूही ठेवतात. त्याच्या गाडीच्या गिअरची भानगड झाली तेव्हा त्याने मला तिकडचा कायदा फोनवर समजावून सांगितला. अमेरिकेत १९७५ साली मॅग्नुसन-मॉस नावाचा वॉरंटीविषयक केंद्रीय कायदा झाला होता. पण कंपनीला द्यायची दुरुस्तीची 'वाजवी संधी' म्हणजे किती, हे त्यातून स्पष्ट होईना. १९८२ साली कनेटिकट राज्याने ही गोष्ट सरळ आकड्यांत लिहून टाकली : एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्तीचा प्रयत्न फसला, अथवा गाडी एकंदर तीस दिवस दुरुस्तीत पडून राहिली, की कंपनीला वाजवी संधी मिळून चुकली असे गृहीत धरायचे. पाहता पाहता हे लोण सगळ्या राज्यांत पोहोचले. न्यू जर्सीत हा आकडा तीन खेपांचा किंवा वीस दिवसांचा आहे. शिवाय कंपनीला पोचपावतीच्या टपालाने 'शेवटची संधी' देणारे पत्र धाडायचे, तिला दहा दिवस द्यायचे, आणि मग गाडी परत. भाच्याने पत्र धाडले. कंपनीने गाडी परत घेतली.

गिअरमध्ये काय बिघडले आहे हे त्याला कोणी विचारले नाही. माझ्या मते त्या कायद्याचे सारे शहाणपण येथे आहे : तो दोषाचे निदान मागत नाही, खेपा मोजतो. ब्रिटनने २०१५ च्या कायद्यात याहून सोपी वाट धरली, एक दुरुस्ती फसली की ग्राहकाला माल नाकारण्याचा हक्क. सहा महिन्यांत प्रकटलेला दोष मुळातच होता असे धरून चालायचे, तसे नाही हे विकणाऱ्याने सिद्ध करायचे. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात सदोष वाहने बाजारातून परत बोलावण्याचे कलम आले आहे. पण ते सरकारने वापरायचे हत्यार, त्याचा रोख पर्यावरणाला व माणसांना धोकादायक अशा सामुदायिक दोषांवर. एकट्या माणसाच्या एकट्या गाडीसाठी खेपांचा आकडा आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. तो घालण्याला ना प्रयोगशाळा लागते, ना अधिकची न्यायालये. तीन ओळींचे कलम पुरे होईल. मात्र त्याबरोबरच, जॉब कार्डावर तक्रार ग्राहकाच्याच शब्दांत उतरली पाहिजे असेही लिहावे लागेल, नाही तर आपले वर्कशॉपवाले 'जनरल चेकअप'च्या तीनशे खेपा मोजून दाखवतील.

आयोगाने माझ्या अर्जावरून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील एका प्राध्यापकांची नेमणूक केली. शुल्क मी भरले. कंपनीच्या दोन अभियंत्यांसमक्ष त्यांनी गाडी शहरात फिरवली; ती अर्थातच उत्तम चालली. मग त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, गाडी नेमकी कोणत्या तारखांना बंद पडली, त्या वेळी किती वाजले होते, ऊन होते की पाऊस, टाकीत पेट्रोल किती होते, किती मिनिटांनी सुरू झाली? सातही कार्डे चाळली. एकाचेही उत्तर नव्हते. मी ओशाळून घरी फोन लावला, तर आमच्या मंडळी म्हणाल्या, "अहो, माझ्या वहीत आहे की सगळं."

दुधाच्या व वर्तमानपत्राच्या हिशेबाची ती वही. तिच्या समासात, बारीक पेन्सिलीने, दर प्रसंगाची नोंद होती : खंबाटकी, गाडी बंद, १२ मि., कडक ऊन, सकाळीच पेट्रोल भरले होते. अशा अकरा नोंदी. मला सात आठवत होत्या. प्राध्यापकांनी ती पाने दोनदा वाचली, अकराही वेळा ऊन होते आणि नऊ वेळा टाकी भरलेली होती, हे स्वतःच्या टिपणात उतरवून घेतले, आणि गाडी टाकी भरून, दुपारी, घाटात नेऊन पुन्हा तपासू द्यावी असा अंतरिम अहवाल आयोगाला दिला. कंपनीच्या वकिलांनी हरकत घेतली आहे की, सदर वही वॉरंटीच्या दस्तऐवजांपैकी नाही व तिच्यावर वर्कशॉपच्या अधिकाऱ्याची सही नाही. त्या हरकतीवरील युक्तिवादासाठी दिवाळीनंतरची तारीख पडली आहे. तोवर मूळ वही आयोगाच्या कपाटात जमा असून, दुधाचा हिशेब सध्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिला जातो.